तळव्याखालची तोफ

कपिलेनं डोळे मिटले, आणि मग तोफ उडाली.

क्रम उलटा हवा होता. आधी धडाका, मग दचकणं, अशी जगाची रीत. मग तो हत्ती असो, पोलिसांचा घोडा असो, नाहीतर तालीम बघायला पुढच्या खुर्चीत येऊन बसलेली बड्या साहेबांची बायको असो. सगळे आवाज झाल्यावर दचकतात. पण राजवाड्यामागच्या मैदानात, समोरच्या उंचवट्यावर ओळीनं उभ्या केलेल्या हत्तींपैकी शेवटून दुसरी, यंदाच रानातल्या तळावरून आलेली ती हत्तीण आधी डोळे मिटून मोकळी झाली, तोफ मागाहून उडाली, आणि धडाक्याला तिनं कानसुद्धा हलवला नाही. चेलुवराजूच्या हातातली पेटती काठी तशीच राहिली. चार नंबरची तोफ त्याची. काठी त्यानंच टेकवली होती, दारू पेटली होती, लोखंड मागं सरकलं होतं, धूर तोंडावर आला होता, सगळं नेहमीसारखं. तरी त्याला वाटलं की या खेपेला तोफ आपण उडवलीच नाही, तिनं डोळे मिटले म्हणून ती उडाली. अंगावर सरसरून काटा आला. भीतीचा नव्हे. परगावच्या जत्रेत अनोळखी माणसानं आपल्याला नावानं हाक मारावी, तसा. मग पाचवी उडाली, सहावी, सातवी. दर वेळी कपिलेच्या पापण्या आधी खाली आल्या, आणि अगदी वेळेवर. बाकीचे हत्ती साखळ्या ओढत होते, एक सुळेवाला चीत्कारत होता, घोडे मागच्या पायांवर उभे राहत होते. साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या कपिलेसाठी. पहिल्या तालमीला हीच साखळीसकट दोन माणसांना फरफटत घेऊन गेली होती. आज बघा कशी दगडासारखी उभी आहे. दसऱ्याच्या मिरवणुकीत हिला घ्यायचीच, असं तिथल्या तिथं ठरलं. पापण्या कुणी बघितल्या नाहीत.

पापण्या बघायला चेलुवराजूचे डोळे लागत होते, आणि ते तसे झाले होते त्याला कारण होतं. ते कारण त्यानं देवालासुद्धा सांगितलं नव्हतं. त्याला ऐकू येत नव्हतं. डावा कान जाऊन बरीच वर्षं झाली. तोफेवरच्या माणसाचा एक कान तोफेचाच असतो, असं म्हणून सगळे हसतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण गेल्या दोनेक वर्षांत उजवाही निघाला होता. निघाला तोही गुपचूप, एकेक आवाज काखेत मारून. आधी डास गेले. त्याला वाटलं, यंदा फवारणी चांगली झालेली दिसते. मग कुकरची शिटी गेली, मग देवळातली लहान घंटा, मोठी राहिली. लेकीच्या, पल्लवीच्या लग्नात नादस्वर वाजवणारे दोघे गाल फुगवून फुगवून बसले होते, इतकंच त्याला आठवतं. आता पल्लवी बंगळुरूहून फोन करते तेव्हा तो दोनदा ‘हं हं’ करतो आणि फोन सरोजाकडे देतो. माणसांची तोंडं तो वाचायला शिकला होता. मिशीवाल्यांची वाचायला जड जातात, पान खाणाऱ्यांची त्याहून.

तोफेवर मात्र तोंड वाचून चालत नाही, कारण तिथं धूर असतो. तिथं त्यानं दुसरी युक्ती काढली होती. मंडईपाठच्या चांभाराकडून त्यानं बुटातलं सगळं अस्तर काढून घेतलं होतं. चांभारानं विचारलं, साहेब, लोक आत भरून घेतात, तुम्ही काढून घेता? तो म्हणाला, पाय घामेजतात. आता बुटाचा तळ आणि त्याचा तळवा यांत पापडाएवढंच चामडं होतं. तीन नंबरची तोफ उडाली की जमीन त्याच्या टाचेला ठोसा मारायची, ठोसा चवड्यापर्यंत जायचा, चेलुवराजू एक श्वास घ्यायचा आणि काठी टेकवायचा. हुकूम इन्स्पेक्टर देवय्या तोंडानं द्यायचे. हा तो तळव्यानं घ्यायचा. आजवर एकदाही चुकला नव्हता. उलट, राजूसारखा नेम धरून वेळ साधणारा पथकात दुसरा नाही, असं देवय्याच म्हणायचे.

आणि म्हणूनच पापण्यांच्या मागोमाग त्याला तिचा पाय दिसला तेव्हा त्याला वेड लागायचं बाकी राहिलं. कपिलेचा पुढचा उजवा पाय जमिनीवर पुरता टेकलेला नव्हता. टाच उचललेली, नखांची कड तेवढी मातीला लागलेली. दारावर कान लावावा तशी ती पाय लावून उभी होती. चेलुवराजूनं खाली आपल्या बुटाकडे बघितलं. त्याचाही उजवा बूट चवड्यावरच होता. मैदानात हजार माणसं असतील, पण जमिनीकडून ऐकणारे दोघेच होते, आणि ते समोरासमोर उभे होते.

घरी जाताना तो चालला नाही, तरंगला. के. आर. सर्कलला सायकलवाल्यानं शिवी घातली, तीही त्याला छान वाटली. आपल्याच धंद्यातलं, आपलंच दुखणं असलेलं कुणीतरी भेटलं होतं, आणि ते तीन टनांचं होतं. पोलीस वसाहतीतल्या दोन खोल्यांत सरोजा दसऱ्याच्या बाहुल्यांच्या पायऱ्या मांडत होती. त्यानं बूट काढता काढताच सांगायला सुरुवात केली: कपिला अशी उभी होती, कपिलेनं असं केलं, कपिलेचे डोळे. सरोजानं लाकडी राजा-राणी पुसून पहिल्या पायरीवर ठेवले आणि त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, “आल्यापासून सात वेळा नाव घेतलंत. माझं वर्षात तेवढं घेत नाही. कोण आहे ही कपिला, मला कळेल का?” हत्तीण आहे म्हटल्यावर ती हसली, हसण्याचा आवाज कसा होता तो त्यानं आठवणीतून घातला. मग तो हातपाय धुऊन भिंतीकडे तोंड करून बसला आणि सरोजानं मागून पाय आपटला. धप्. फरशी त्याच्या मांडीखाली हलली. त्यानं वळून बघितलं. ताट वाढलेलं होतं, नाचणीचा मुद्दे, म्हणजे उकडीचा गोळा, आणि वर उप्पसारूचं पातळ कालवण. त्याच्या कपाळाला आठी पडली. ही बाई अलीकडे फार पाय आपटायला लागली होती. जेवायला बोलवायचं तर पाय आपटते, दार उघडायला सांगायचं तर पाय आपटते, दूध उतू गेलं की पाय आपटते. लेक सासरी गेल्यापासून हिचं डोकं फिरलंय, असं त्याचं मत झालं होतं, आणि एक-दोनदा त्यानं ते तोंडावर सांगूनही टाकलं होतं. आज त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो मुद्द्याचे गोळे मोडत होता आणि डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: तिच्या मनात माझं नाव काय असेल?

नाव असेल का पण? नावाला शब्द लागतो. तिच्याकडे शब्द नाही. मग ती मला कशात धरून ठेवत असेल? काठीच्या टोकाचा जाळ, दारूचा वास, वाकलेली पाठ, आणि मग जमिनीतून येणारा ठोसा, एवढं सगळं मिळून एकच काहीतरी; म्हणजे मी. चेलुवराजूनं तसं, बिनशब्दांचं, सरोजाला मनात धरून बघायचा प्रयत्न केला. नारळाच्या तेलाचा वास आला, काचेच्या बांगड्या दिसल्या, धप् आलं. पुढे शब्दच आले, कटकट, डोकं फिरलंय वगैरे, आणि सगळं विस्कटलं. माणसाला नुसतं बघता येत नाही, बघता बघता तो मत देतो. आणि भीतीचंही तसंच. माणूस घाबरला तरी आधी इकडेतिकडे बघतो, कुणी बघितलं तर नाही ना. मग ठरवतो घाबरायचं की शर्टाचं बटण लावायचं. त्यानं स्वतः दोन वर्षं बटणंच लावली होती. जनावराला ही दुसरी भीती नसते, भित्रं दिसण्याची. त्याला पहिलीच पुरते. पण मग कपिला डोळे का मिटत होती? ते पळणं नव्हतं, लपवणंही नव्हतं. येणारं आहे ते येऊ दे, मला आधी कळलंय, असं ते होतं. याला काय म्हणायचं? त्याला सापडेना, आणि सापडत नाही याचाच इतका आनंद होत होता की त्यानं एक मुद्दे जास्त खाल्ला.

लहानपणी हुणसूरच्या बाजूला, रानाला लागून त्यांचं नाचणीचं शेत होतं. तिन्हीसांजेला बाप माचाणावर चढायचा आणि पोराला खाली जमिनीवर कान लावून निजवायचा. कळप निघाला की माती आधी बोलायची. आवाज नव्हे, ज्वारी भरल्या पोत्यावर कुणीतरी दूर बुक्की मारावी तसं काहीतरी. पोरगं म्हणायचं, अप्पा, आले. बाप पत्र्याचा डबा बडवायचा. आणि दरवर्षी म्हणायचा की हत्ती डब्याला भीत नाही रे, डबा कोण वाजवतंय ते बघून ठरवतो, भिकारडा बामण वाजवत असेल तर येऊन नाचणी खाऊन जातो. बापाचा बामणांवर राग होता, त्याला जमिनीच्या कुठल्यातरी भांडणाचं कारण होतं, ते अलाहिदा. पण ठरवतो, हा शब्द. बाप चाळीस वर्षं हत्तींशी भांडला आणि एकदाही त्यांना अडाणी म्हणाला नाही. शेजाऱ्यांना म्हणाला. चेलुवराजू पोलिसात लागला तेव्हा बाप म्हणाला होता की आता तू पगार घेऊन डबा वाजवणार. मग तोफेवर नेमणूक झाली, आणि पहिल्या दसऱ्याला एकवीस धडाक्यांनंतर त्याच्या कानात जी शीळ सुरू झाली ती आठवडाभर थांबली नाही. त्याला ती आवडली होती. वर्षातले अकरा महिने तो चौकात उन्हात हात हलवणारा हवालदार. दसऱ्याच्या महिन्यात तो चार नंबर. देवीची अंबारी निघते, लाखो माणसं श्वास धरून उभी राहतात आणि त्याच्या काठीची वाट बघतात. तोफेवरून उतरवलं तर खाली काय उरतं, ते त्याला माहीत होतं. एक बहिरा हवालदार, ज्याला हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ड्युटीच्या आधी ऊस घेऊन राजवाड्याच्या आवारात गेला. तिथं हत्तींचे तंबू, माहुतांच्या बायकांच्या चुली, वाळत घातलेले परकर, सगळं गावच बसलेलं असतं. कपिलेचा माहूत बोम्मा, रानातल्या जेनु कुरुब जमातीचा, चाळिशीचा, बडबड्या. त्याचं तोंड वाचायला सोपं, कारण तो दात दाखवल्याशिवाय एक शब्द बोलत नसे. तो तिच्या कानामागं काहीतरी करत होता. चेलुवराजू दुसऱ्या बाजूनं वळून गेला तेव्हा त्याच्या बोटांत तेलात भिजवलेल्या कापसाचा लिंबाएवढा बोळा दिसला, आणि बोम्माचे दात एकदम आत गेले. कुणाला सांगू नका अण्णा, असं त्यानं हात जोडून सांगितलं. पहिल्या तालमीनंतर तिला परत पाठवायचं चाललं होतं. वीस वर्षं तिला लहानाची मोठी केली, माझ्या बायकोनं साऱ्या हाडीत, आमच्या वस्तीत, सांगून ठेवलंय की आमची कपिला अंबारीच्या शेजारनं चालणार. आता कुठल्या तोंडानं परत जाऊ? मग मी डोकं चालवलं. कापूस घातला. आता मस्त उभी राहते. आणि पुन्हा दात बाहेर काढून म्हणाला, “बहिरी केली ना अण्णा, की लगेच शूर झाली बघा पोरगी.”

चेलुवराजू हसला. इतका हसला की त्याला उसाच्या मोळीवर बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बोम्माला वाटलं, आपला विनोद फार जमला, म्हणून तोही हसायला लागला, आणि दोघांच्या मधून सोंड आली आणि मोळीतला जाडसा ऊस तेवढा निवडून घेऊन गेली. बहिरी करून शूर केलेली दोन जनावरं, आणि दोघांनाही टाळ्या. फरक इतकाच की तिच्या कानात कापूस तिनं घातला नव्हता. आणि बोम्माला एक ठाऊक नव्हतं, ते ह्याला ठाऊक होतं: कापसानं काही झालेलं नाही. ती ऐकते. बोम्मा पाणी आणायला गेल्यावर तो दगडी भिंतीच्या पलीकडे गेला, तिला दिसणार नाही असा, बूट काढले आणि टाच जोरानं जमिनीवर हाणली. मग वाकून कडेनं बघितलं. कपिलेचं चघळणं थांबलं होतं. पुढचा पाय नखांवर आला होता. तोंड भिंतीकडे वळलं होतं. त्यानं पुन्हा हाणली. ती दोन पावलं साखळीच्या टोकापर्यंत आली आणि सोंड भिंतीवरून, माकडानं शेजारच्या घरात डोकवावं तशी, इकडे वाकली. त्याच्या डोक्यावर ती फिरली, खांद्यावर फिरली, दारूच्या वासाच्या बोटांपाशी थांबली. तिनं ओळखलं. कशावरून? तो शपथ घेऊन सांगू शकला असता, पण कुणाला? ती ओळखून पळाली नाही, रागावली नाही. ओल्या सोंडेचं टोक त्याच्या मनगटावर टेकवून ती उभी राहिली. तो त्या सकाळी ड्युटीवर उशिरा पोचला आणि दिवसभर चौकात हात हलवताना त्याच्या मनगटाला ते गार गोल लागत राहिलं.

शेवटच्या तालमीच्या सकाळी देवय्यांनी सगळ्यांना गोळा केलं. त्यांनी मिशी नुकतीच वाढवली होती, त्यामुळे चेलुवराजूला अर्धंच कळलं. उरलेलं तोफेवरच्या जोडीदारानं, रहमतुल्लानं, तोफ पुसता पुसता सांगितलं. हत्ती आता ओळीला सरावलेत, एकामागून एक तोफा उडाल्या की त्यांना पुढचं कळतं; मिरवणुकीच्या गर्दीत असं काही ओळीनं होणार नाही. म्हणून आज ओळ नाही. साहेब ज्या नंबराला ओरडतील तो उडवायचा. कधी पाच, कधी दोन, कधी पुन्हा पाच. रहमतुल्ला म्हणाला की चांगली कल्पना आहे, हत्तींची झोप उडेल. चेलुवराजूच्या तळव्यांना घाम फुटला. आता जमिनीतून येणाऱ्या ठोशाला अर्थ नव्हता. तो कुठल्या तोफेचा, आणि पुढे कुणाची पाळी, हे तळवा सांगणार नव्हता. ते फक्त कान सांगणार होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. हे त्याला कळत होतं, अगदी लख्ख कळत होतं. रहमतुल्लाचं काम म्हणजे उडालेल्या तोफेच्या नळीत ओला दांडा घालून आतली ठिणगी मारायची, मग दांड्याच्या दुसऱ्या, कोरड्या टोकानं दारूची पिशवी ठासायची. त्याचे दोन्ही हात तोफेच्या तोंडात आणि चेलुवराजूची पेटती काठी तिच्या बुडाशी. दोघांच्या मध्ये काय, तर एक हुकूम. चौदा वर्षं हा माणूस त्याच्याकडे पाठ करून काम करत होता. रमजानला शीरखुर्मा घेऊन घरी यायचा. त्याच्या एका हाताच्या बोटात त्याच्या बापाची चांदीची अंगठी होती, ती ठासताना लोखंडाला लागून खण्ण व्हायची. तो खण्ण चेलुवराजूला एके काळी ऐकू यायचा. सांगायला हवं होतं, आणि त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं. एवढी एक तालीम, एवढा एक दसरा. देवय्यांच्या तोंडाकडे बघू. मिशी असली म्हणून काय झालं, चार म्हणताना जबडा खाली येतोच.

पहिल्या फेऱ्या निभावल्या. एकदा त्याचा नंबर आला तो देवय्यांनी हात वर केल्यामुळे त्याला कळला. एकदा रहमतुल्लानंच मागं वळून मान हलवली. रात्री पाऊस पडून गेला होता, हवेत ओल होती, आणि धूर वर चढायला तयार नव्हता. कमरेपासून डोक्यापर्यंत तो गोधडीसारखा पसरून राहिला. समोर हत्तींचे फक्त माथे आणि डोळे दिसत होते, उंचवट्यावर असल्यामुळे. तळव्यांना ठोसे बसत होते, डावीकडून, उजवीकडून, दुरून, आणि त्यांत काही क्रम नव्हता. मग एक मोठा बसला, शेजारचा. त्यानं देवय्यांकडे बघितलं. धुराच्या फटीतून तोंड दिसलं, जबडा खाली आला. चार. त्याचा हात खाली गेला. काठीचा जाळ भोकापासून वीतभर राहिला, आणि सवयीनं, केवळ सवयीनं, त्यानं समोर बघितलं. तिनं डोळे मिटले का ते बघायला.

कपिलेचे डोळे उघडे होते. उघडे, शांत, सरळ त्याच्या तोफेच्या तोंडाकडे लावलेले. पाय दिसत नव्हता, पण उभं राहणं दिसत होतं. ती सैल उभी होती. ती कशाचीच वाट बघत नव्हती. त्याच्या डोक्यात एक शब्दही आला नाही. हात थांबला. हातानं ठरवलं, की तिनं, की जमिनीवर कान लावून निजलेल्या कुठल्या पोरानं, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. जाळ भोकाच्या वर थरथरत राहिला, आणि मग वाऱ्याची एक झुळूक आली आणि गोधडी कडेनं उचलली गेली. तोफेच्या तोंडाशी रहमतुल्ला होता. दारू ठासून झाली होती, पण दांडा नळीत अडकला होता. तो पाय रोवून, दोन्ही हातांनी तो ओढत होता, नेहमीसारखी चेलुवराजूकडे पाठ करून. अंगठी चमकली. देवय्यांचा जबडा पुन्हा खाली आला आणि आता सगळं तोंड दिसलं. ते म्हणत होते, “चार, थांब.” दांडा निघाला. रहमतुल्ला बाजूला झाला आणि त्यानं कपाळ पुसलं. कपिलेच्या पापण्या हळूच खाली आल्या. चेलुवराजूनं काठी टेकवली.

तिला सगळी कवायतच पाठ झाली होती. दांडा बाहेर येतो, माणूस बाजूला होतो, दुसरा वाकतो, आणि मग. उंचावरून तिला धुरापलीकडचं दिसत होतं, आणि जे दिसत होतं तेवढंच ती मानत होती. ह्याच्यासारखं, जे ऐकू आलं नाही ते ऐकू आलं असं ती मानत नव्हती. एवढाच फरक आहे माणसात आणि तिच्यात, असं त्याला त्या क्षणी वाटलं, आणि तो केवढा मोठा आहे तेही कळलं. भीती आता आली, सावकाश, पायांतून वर, आणि तिच्यासोबत दुसरं काहीतरी आलं जे तिच्याहून जोरात होतं. त्याला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. रहमतुल्लाचे हात जागेवर होते. ते त्याला परत परत बघावेसे वाटत होते. रहमतुल्लानं विचारलं, असा काय बघतोस, नवी नवरी आहे का मी? कुणाला काही कळलं नव्हतं. देवय्या तर तालीम संपल्यावर मुद्दाम चालत आले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. आज फक्त तूच माझा आवाज ऐकलास, बाकी सगळे बहिरे आहेत, असं ते म्हणाले. या खेपेला तोंड जवळ होतं, त्यामुळे शब्द न् शब्द कळला.

गप्प बसला असता तर बसला असता. कपिला काही सांगायला येणार नव्हती. त्यानं पेटती काठी पाण्याच्या बादलीत घातली, वाफ वर आली, आणि तो म्हणाला, “मी ऐकलं नाही, सर. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली.” तो किती मोठ्यानं बोलला ते त्याला कळलं नाही, पण पथकातल्या सगळ्यांच्या माना वळल्या त्यावरून बरंच मोठ्यानं बोलला असावा. देवय्यांचा थाप मारलेला हात अजून हवेत होता. मग तू थांबलास कसा, असं त्यांनी विचारलं. त्याला सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण उंचवट्यावरच्या हत्तिणीनं डोळे मिटले नव्हते म्हणून, हे वाक्य ज्या माणसाला समजेल असा माणूस त्याला समोर दिसेना. तो म्हणाला की नशीब, सर. रहमतुल्ला आपल्या हातांकडे बघत होता. बघता बघता त्यानं बापाची अंगठी काढली, बोटानं पुसली आणि पुन्हा घातली, आणि चेलुवराजूच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. काही बोलला नाही. किंवा बोललाही असेल. देवय्या म्हणाले की दसऱ्याला तुझी ड्युटी हत्तींच्या बाजूला लावतो, तिथं ऐकायचं काही नसतं. चेलुवराजूला हसू आलं ते त्यानं लपवलं नाही.

जाताना तो बोम्माला म्हणाला, कापूस काढून टाक, तिला त्याची गरज नाही, ती सगळ्यांच्या आधी ऐकते. बोम्मानं एका कानातला काढला. दुसऱ्यातला दसऱ्याला काढीन, म्हणाला.

तोफ गेली होती. छातीत जिथं चार नंबर असायचा तिथं एक मोकळी जागा झाली होती, आणि तो रस्त्यानं चालताना ती जागा चाचपून बघत होता. दुखत होतं. पण त्याच्या जोडीला ऊर धडधडत होतं ते दुखण्यानं नव्हे. कपिलेच्या मनात काय चालतं हे आपण ओळखलं, एका हत्तिणीच्या! जिला शब्द नाही तिच्या. पाय कसा टेकवते, पापणी कधी पडते, एवढ्यावरून. पोलीस वसाहतीचा जिना चढताना त्यानं बूट काढून हातात घेतले होते. दार उघडं होतं. सरोजा त्याच्याकडे पाठ करून बाहुल्यांसमोर बसली होती. वरच्या पायऱ्यांवर देव, मधे राजा-राणी, खाली लाकडी हत्तींची मिरवणूक. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

धप्. जेवायला या. धप्. दार वाजतंय. धप्. दूध उतू चाललंय, बघा. धप्. लेकीचा फोन आहे, माझ्याकडे द्या, मी बोलते. दोन वर्षं. तोफेनं जमीन हलावी तशी मांडीखालची फरशी हलवून ही बाई त्याला हाक मारत होती. मागून हाक मारली तर पोचत नाही हे तिला कळलं होतं. त्याला ते कुणाला कळू द्यायचं नाही हेही कळलं होतं. म्हणून बोलायचं तेव्हा समोर तोंड आणून बोलायची, आणि नाही तेव्हा पाय आपटायची, आणि डोकं फिरलंय हे ऐकून घ्यायची. तीन टनांच्या जनावराचं मन त्यानं पापणीवरून वाचलं, आणि हिचा पाय त्याला राग वाटला.

तो दारात अनवाणी उभा राहिला. मग त्यानं उजवी टाच उचलली आणि फरशीवर हलकेच आपटली.

खालच्या पायरीवरचे लाकडी हत्ती थरथरले. सरोजाचा हात तसाच थांबला. ती वळली, आधी त्याच्या पायाकडे बघितलं, मग हातातल्या बुटांकडे, मग तोंडाकडे. तिचे डोळे भरून आले होते, पण ओठ तिनं नेहमीसारखे सावकाश, नीट उघडून हलवले, त्याला वाचता यावेत असे.

“कोणी शिकवलं?”

“कपिलेनं,” तो म्हणाला.

सरोजानं पदरानं डोळे पुसले, मिरवणुकीतला पडलेला एक हत्ती उचलून सरळ उभा केला, आणि जागेवर बसल्या बसल्याच टाच फरशीवर आपटून त्याला जवळ बोलावलं.